त्या फायर ट्रकवर पगारी माणूस एकही नसतो: अमेरिकेतल्या छोट्या गावांची स्वयंसेवी अग्निशमन दलं

टेकडीवरचा

इथल्या देशी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी तक्रार आली. कुणाच्या तरी टाउनहाऊसमध्ये फायर अलार्म वाजला, ट्रक यायला वेळ लागला, आणि मग नेहमीचं सुरू झालं: "एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो तो कशाला? हे लोक स्टेशनवर बसून करतात तरी काय?"

स्टेशनवर कुणीच बसलेलं नसतं. त्या ट्रकवर चौघं होतो. एक प्लंबर, एक शाळेत गणित शिकवणारी बाई, एक कॉलेजातला पोरगा आणि आयटीत खर्डेघाशी करणारा मी. चौघांपैकी कुणालाही या कामाचा छदाम मिळत नाही. ग्रुपवर हे लिहिल्यावर तक्रार बाजूला राहिली आणि माझीच उलटतपासणी सुरू झाली. तिथे उत्तरं देऊन बोटं दुखली, म्हणून इथे सविस्तर लिहितो. अमेरिकेत छोट्या गावात घर घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.

आधी आकडा. एनएफपीए ही इथली अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या २०२० च्या पाहणीनुसार देशात सुमारे १०,४१,२०० फायरफायटर होते आणि त्यातले ६,७६,९०० स्वयंसेवक. म्हणजे शंभरात पासष्ट. टीव्हीवर दिसतं ते न्यूयॉर्क किंवा शिकागो. शहराबाहेर अर्धा तास गाडी हाणली की चित्र बदलतं.

आमचं गाव न्यू जर्सीच्या पश्चिमेला, शेतं आणि टेकड्यांमधलं. इथे ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन गेला की काउंटीच्या डिस्पॅच सेंटरमधून आमच्या पेजरवर टोन वाजतात. हो, पेजरच. मोबाईलवर ॲपही आहे, पण टेकडीआड रेंज जाते आणि पेजर मात्र वाजतो. जो जिथे असेल तिथून स्वतःच्या गाडीने स्टेशन गाठतो. गाडीवर निळा दिवा लावायची परवानगी असते. तो दिसला की इतरांनी वाट द्यावी अशी अपेक्षा, पण आम्हाला सिग्नल तोडायची मुभा नाही. स्टेशनवर कपडे चढवायचे, पुरेशी माणसं झाली की ट्रक बाहेर. तुम्हाला जो 'उशीर' दिसतो त्यातला बराचसा या पहिल्या टप्प्यात जातो. पगारी दलात माणसं आधीच ट्रकपाशी असतात, हा सगळा फरक.

बाकी प्रतिसादांत लिहितो. विचारा.

शंकेखोर

धागा आवडला, पण एक प्रामाणिक शंका. हृदयाचं ऑपरेशन 'हौशी सर्जन'कडून करून घ्याल का? मग जळत्या घरात हौशी माणूस कसा चालतो? प्लंबरला आगीतलं काय कळतं?

टेकडीवरचा

प्रश्न रास्त आहे. पण बिनपगारी म्हणजे बिनशिक्षणाचा नव्हे. आत शिरायचं तर फायरफायटर-१ हा कोर्स लागतोच, आणि त्याची परीक्षा पगारी माणसालाही तीच असते. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी जाऊन तो पुरा करायला काही महिने लागतात. शिवाय दर आठवड्याला ड्रिल. प्लंबरचं म्हणाल तर आमच्याकडे तोच सोन्यासारखा माणूस आहे. तळघरात गॅस कुठे बंद करायचा आणि भिंतीत पाईप कुठून गेलाय हे त्याला अंधारातही सांगता येतं.

अंगावरचे कपडे, बूट, हेल्मेट आणि पाठीवरचं हवेचं सिलिंडर धरून वीस-पंचवीस किलो होतात. सिलिंडरवर 'तीस मिनिटं' लिहिलेलं असलं तरी शिडी चढून, नळी ओढत काम करताना ते पंधरा-वीस मिनिटांत संपतं. एक तृतीयांश हवा उरली की भोंगा वाजतो. तुम्ही तीस सेकंद हलला नाहीत तर दुसरा भोंगा वाजतो, म्हणजे बाहेरच्यांना कळावं की हा माणूस पडलाय. आत दोघं गेले की बाहेर दोघं तयारीत उभे असलेच पाहिजेत, हा नियम. म्हणून चौघं जमल्याशिवाय आम्ही आत जात नाही. अपवाद एकच: आत माणूस अडकलाय हे पक्कं माहीत असेल तर.

अनु_फिली

फिलाडेल्फियात राहते, तेव्हा इतिहासाचा भाग माझ्याकडे. :)

या प्रकाराची सुरुवात आमच्या गावची समजतात. ७ डिसेंबर १७३६ ला बेंजामिन फ्रँकलिनने काही शेजारी-मित्रांना घेऊन 'युनियन फायर कंपनी' काढली. 'कंपनी' म्हणजे धंदा नव्हे, मंडळ. प्रत्येक सभासदाने ठरावीक संख्येने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरायला मजबूत पिशव्या-टोपल्या घरात तयार ठेवायच्या. बादल्या पाणी मारायला हे समजतं, पण पिशव्या? त्या काळी आग विझेलच याची खात्री नसे, म्हणून घरातलं सामान वाचवणं हे अर्धं काम होतं. महिन्याला एक बैठक, गैरहजर राहिलं की दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून बंब, शिड्या, आकडे घ्यायचे. तीस सभासद झाले की नव्याला सांगायचे, तू तुझी वेगळी कंपनी काढ. त्यामुळे शहरात एकामागून एक कंपन्या निघाल्या.

पण ही आधी समाजसेवा नव्हती. सभासदांनी एकमेकांची घरं वाचवायची असा तो करार होता. आपली भिशी असते ना, साधारण तसं. गावाचं रक्षण वगैरे ओघाने आलं.

१७३५ मध्ये फ्रँकलिनने आपल्याच वृत्तपत्रात आगीबद्दल टोपणनावाने एक पत्र छापलं होतं. त्यात लोकांना ताकीद आहे की पेटते निखारे फावड्यात घेऊन या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून वरखाली नेऊ नका, आणि न्यायचेच असतील तर झाकण असलेल्या भांड्यातून न्या. आमची आजी शेजारून विस्तव आणायची ते आठवलं.

फिलाडेल्फियात कुणी आलात तर सेकंड स्ट्रीटवरचं फायरमन्स हॉल म्युझियम जरूर बघा. १९०२ च्या जुन्या फायरहाऊसमध्येच आहे.

शंकेखोर

मग मोठ्या शहरांनी हे का सोडलं? एवढं चांगलं होतं तर.

अनु_फिली

मारामाऱ्या. खरंच सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या कंपन्या म्हणजे तालमी झाल्या होत्या. आग लागली की कुठली कंपनी आधी पोचते आणि पाण्याच्या नळावर कुणाचा ताबा, यावरून हाणामारी. राजकारण तर होतंच. न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध पुढारी 'बॉस' ट्वीड अमेरिकस इंजिन कंपनी नंबर ६ मधून वर आला, आणि त्या बंबावरचं वाघाचं चित्र पुढे त्याच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेची खूण बनलं. मंडळातून नगरसेवक हा प्रवास आपल्यालाही काही नवीन नाही.

दुसरं कारण वाफेचा बंब. हातपंपाला दांडा मारायला डझनावारी माणसं लागायची, वाफेच्या पंपाला मोजकी पण जाणकार माणसं आणि घोडे लागले. सिनसिनाटीने १८५३ मध्ये पूर्ण पगारी दल उभं केलं, न्यूयॉर्कने १८६५ मध्ये, फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये. छोट्या गावांना ना घोडे पोसणं परवडणारं होतं ना पगार, म्हणून तिथे जुनी पद्धत राहिली. तीच टेकडीवरचा यांची.

टेकडीवरचा

अनु, अगदी बरोबर. ईर्ष्या अजूनही आहे, फक्त आता ती सॉफ्टबॉलच्या मॅचमध्ये आणि कुणाचा ट्रक जास्त चकचकीत यावर निघते.

यात एक भर. दुसऱ्या गावांची मदत लागते त्याला इथे म्युच्युअल एड म्हणतात. आज ती आपोआप येते, पण तिच्यामागे एक मोठी फजिती आहे. ७ फेब्रुवारी १९०४ ला बाल्टिमोरमध्ये आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियापासून बंब रेल्वेने आले आणि त्यांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला (बंबासाठीच्या रस्त्यावरच्या नळाला) बसेनात! प्रत्येक शहराचे आटे वेगळे. माणसं आहेत, पंप आहेत, पाणी आहे, आणि जोडता येत नाही. दोन दिवसांत पंधराशेच्या वर इमारती गेल्या. त्यानंतर अडीच इंची नळीला इंचात साडेसात आटे हे राष्ट्रीय मानक ठरलं. तरीही बरीच वर्षं कित्येक गावं आपलेच आटे धरून बसली होती. आमच्या ट्रकवर अजून जुळणीच्या ॲडॉप्टरांचा एक खण आहे.

राईनकाठची

जर्मनीत आटेच नाहीत. :) श्टोर्ट्झ कपलिंग, १८८२ मधलं. दोन्ही टोकं सारखीच, नर-मादी भानगड नाही, समोरासमोर धरून फिरवलं की बसलं.

आमच्याकडेही गावोगाव 'फ्रायविलिगं फॉयरवेअर' असतं, म्हणजे हेच. देशभरात दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक, आणि पूर्ण पगारी दल साधारण शंभरेक मोठ्या शहरांतच. सुरुवातीच्या दलांपैकी एक कार्ल्सरूहजवळच्या डुर्लाखचं, १८४६ चं. पुढच्याच वर्षी कार्ल्सरूहचं राजेशाही नाट्यगृह पेटलं. त्यात साठाहून जास्त माणसं गेली. मदतीला आलेल्या इतर गर्दीत डुर्लाखची ही कवायत केलेली तुकडी उठून दिसली, आग शेजारच्या इमारतींत पसरू दिली नाही, आणि मग गावोगावी अशी दलं निघाली.

इथला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. नोकरीच्या वेळेत कॉल आला तर मालकाने सोडावंच लागतं, पगार कापता येत नाही, आणि खाजगी मालकाला त्याची भरपाई गावाकडून मागता येते. आमच्या ऑफिसात मीटिंगमधून एक जण उठून पळतो आणि कुणी मान वर करून बघतही नाही. आणि गावात पुरेसे स्वयंसेवक झालेच नाहीत तर नगरपालिका नागरिकांना सक्तीने भरती करू शकते! काही मोजक्या गावांत असं झालंय.

सोलापूरची_चटणी

सक्तीचे स्वयंसेवक :D :D आमच्या सोसायटीत श्रमदान असंच असतं.

टेकडीवरचा

राईनकाठची ताई, तुम्ही माझ्या मुद्द्यावर आणलंत. इथे खरी अडचण आग नाही, वार आणि वेळ आहे. रात्री दोनला घर पेटलं तर आमच्याकडे पंधरा-वीस जण येतात. मंगळवारी सकाळी अकराला पेटलं तर तीन आले तरी नशीब.

पूर्वी गावातला खाटीक, गॅरेजवाला, शेतकरी, दुकानदार हेच दलात होते. ते राहायचे गावात आणि कामही गावातच. भोंगा वाजला की दुकानाला कडी लावून निघाले. आता गावात राहणारे आम्ही सगळे कामाला न्यूयॉर्क नाहीतर प्रिन्स्टनकडे, आणि गावात काम करणाऱ्यांना गावात घर परवडत नाही. म्हणून मी म्हणतो की स्वयंसेवी दल हे चांगुलपणावर चालत नाही, लोक कुठे राहतात आणि कुठे कमावतात यावर चालतं. 'हल्लीच्या तरुणांना सेवाभाव नाही' असं आमचे म्हातारे म्हणतात. मला ते पटत नाही.

आकडेही तेच सांगतात. १९८४ मध्ये देशात ८,९७,७५० स्वयंसेवक होते, २०२० मध्ये ६,७६,९००. आणि कॉल? १९८० मध्ये सुमारे १ कोटी ८ लाख, २०२० मध्ये ३ कोटी ६४ लाख. (हे कॉल सगळ्या दलांचे, पगारी धरून.) गंमत अशी की आगी निम्म्याहून कमी झाल्या. १९८० ला तीस लाखांच्या घरात होत्या, २०२० ला चौदा लाख. वाढलं ते बाकीचं: छातीत दुखतंय, म्हातारी पडली, गाडी झाडावर आदळली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि फोडणी.

सोलापूरची_चटणी

फोडणी???

टेकडीवरचा

फोडणीच. लाल मिरच्यांचा ठसका स्मोक डिटेक्टरला कळत नाही हो, त्याला धूर तेवढा कळतो. टाउनहाऊसमध्ये अलार्म मॉनिटरिंग कंपनीला जोडलेला असतो, तिथून डिस्पॅच, तिथून माझा पेजर. दारात पोचल्यावर चीफ माझ्याकडे बघतो आणि मी आत जाऊन मराठीत किंवा हिंदीत विचारतो, "काकू, काय करताय?" मग खिडक्या उघडायच्या, अलार्म रीसेट करायचा. बहुतेक वेळा चहाचा आग्रह होतो, आणि ट्रकवरच्या लोकांना आता चकली म्हणजे काय ते माहीत आहे.

कॅलिफोर्नियाची_काकडी

तुमच्यात बायका किती? की सगळा पुरुषांचा अड्डा?

टेकडीवरचा

देशभरच्या स्वयंसेवकांत सुमारे ११ टक्के. पगारी दलांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. आमची गणिताची बाई पंप चालवते. पंपाच्या पॅनलवर दाब आणि घर्षणातली घट सतत डोक्यात मांडावी लागते, म्हणजे तिच्या घरचंच काम.

अमेरिकेतली पहिली ज्ञात महिला फायरफायटर म्हणून मॉली विल्यम्सचं नाव सांगतात. न्यूयॉर्कच्या ओशनस इंजिन कंपनी ११ शी जोडलेली, गुलामगिरीतली कृष्णवर्णीय स्त्री. १८१८ च्या हिमवादळात पुरुष आजारी पडले असताना तिने बर्फातून बंब ओढत नेला अशी तिची कथा आहे.

जुना_बंबवाला

नमस्कार मंडळी. एका नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागातून निवृत्त झालो आहे. मुलाने हा धागा दाखवला म्हणून सभासद झालो.

आपल्याकडची परिस्थिती सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचं काम म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे शहराला बंब आहे. ग्रामपंचायतीला काय? खेड्यात आग लागली की जवळच्या नगरपरिषदेचा, एमआयडीसीचा नाहीतर साखर कारखान्याचा बंब. आम्ही हद्दीबाहेर जायचो, पण पंचवीस-तीस किलोमीटर जाईपर्यंत कडब्याची गंज जळून राख झालेली असायची. लोक शिव्या देत, त्या ऐकून घ्यायच्या आणि उरलेलं विझवायचं.

आपल्याकडे स्वयंसेवक नाहीत असं मात्र म्हणू नका. पाणीपुरवठ्याचा टँकर लगेच मिळतो, ट्रॅक्टर मिळतात, माणसं तर न बोलावता येतात. नाही ते शिक्षण. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले, म्हणून आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. दरवर्षी त्या आठवड्यात शाळांत प्रात्यक्षिकं द्यायचो. मुलांना फोमचा फवारा आवडतो, शिक्षकांना फोटो. आठवडा संपला की पुढच्या एप्रिलपर्यंत शांतता.

ऊसतोड्या

काका, कारखान्याच्या बंबाचं अगदी खरं. आमच्या भागात (पश्चिम महाराष्ट्र) वायर लोंबकळून ठिणगी पडली की उसाचा फड पेटतो. फोन कारखान्याला, पण बंब येईपर्यंत सगळी आळी शेतात. चार जण कोयते घेऊन पुढे जातात आणि वाऱ्याच्या दिशेला ऊस तोडून पट्टा मोकळा करतात. बाकीचे ओल्या पोत्यांनी, हिरव्या फांद्यांनी झोडपतात. कुणी मोटार चालू करून पाट सोडतो. कुणी कोर्स केलेला नसतो, पण कुणाला काय करायचं ते सांगावंही लागत नाही. मग हे दल नाही तर काय? फक्त पेजर नाही न् टोपी नाही.

जुना_बंबवाला

ऊसतोड्या, तुमच्या फडात ते चालतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. पण तीच माणसं विहिरीत उतरतात तेव्हा काय होतं? एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यात शेणाच्या वायूसाठी वापरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

हिंमत कमी होती का? मुळीच नाही. विषारी वायू दिसत नाही, आणि वरच्याला वाटतं खालचा नुसता घाबरून बसलाय. माझ्या नोकरीत सेप्टिक टँकचे, विहिरीचे कॉल यायचे तेव्हा पहिलं काम वरच्या माणसांना धरून ठेवायचं असे. ते रडायचे, मारायला धावायचे. आम्ही हवेचा संच चढवून, दोर बांधून उतरायचो आणि त्यांना वाटायचं आम्ही वेळ काढतोय.

म्हणून टेकडीवरचा यांचा 'आत दोघं तर बाहेर दोघं' हा नियम वाचला तेव्हा बरं वाटलं.

शंकेखोर

काका, हे वाचून मी माझा 'हौशी सर्जन' मागे घेत नाही, पण प्रश्न बदलतो. आपल्याकडे गावात असं दल उभं राहू शकेल का? पैसा कुठून?

सह्याद्रीत_भटकणारी

अग्निशमन नाही, पण शोध आणि बचावकार्यात उभं राहिलंय की. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीची यशवंती हायकर्स. सगळे आपापले धंदे-नोकऱ्या सांभाळून येणारे. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरून मृतदेह वर आणायला हे ट्रेकर होते. जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली, रस्ता नाही, यंत्र नेता येत नाही. तिथेही चढून गेले ते ट्रेकर आणि अग्निशमनचे जवान. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढावर हृदयविकाराने गेले.

त्यांचं जमलं कारण डोंगर चढणं आधीपासून अंगात होतं, आणि दोर, हार्नेस स्वतःचे होते. बंब स्वतःचा कुणाकडे असणार?

टेकडीवरचा

हृदयविकार हा फार मोठा विषय आहे. अमेरिकेत कर्तव्यावर गेलेल्या फायरफायटरांत वर्षानुवर्षं जवळपास निम्मे हृदय बंद पडून गेलेत, आगीने नव्हे. झोपेतून दचकून उठायचं, पाच मिनिटांत जड कपड्यांत पळायचं, आणि स्वयंसेवकांत साठीचे लोकही पुष्कळ. दुसरा शत्रू कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये या कामाला 'कर्करोगकारक' ठरवलं. पूर्वी काजळीने काळं पडलेलं हेल्मेट म्हणजे शान होती. आता आगीवरून आलं की तिथेच नळीने अंग धुवायचं आणि कपडे पिशवीत बांधून न्यायचे.

शंकेखोर, पैशाचं. नवा पंपर (पंप असलेला ट्रक) आता दहा लाख डॉलरच्या आसपास गेलाय आणि ऑर्डर दिल्यावर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. तो पैसा पॅनकेक विकून येत नाही. न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी फायर डिस्ट्रिक्ट असतो, त्याचा वेगळा छोटा कर असतो आणि कमिशनर निवडून येतात. पारंपरिक मतदान फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी, ज्याला चिटपाखरू येत नाही. पॅनकेक ब्रेकफास्ट, चिकन बार्बेक्यू, सिग्नलला गाड्यांपुढे बूट धरून त्यात वर्गणी, नाताळात सांताला ट्रकवर बसवून गावभर फिरवणं, हे सगळं असतंच, पण त्यातून वरचा खर्च निघतो आणि नवीन माणसं मिळतात. आमच्यातले निम्मे लहानपणी तो सांता बघून आलेत.

गावाची बचत मात्र मोठी. तीन पाळ्यांत पगारी माणसं ठेवायची तर कर कुठे जाईल याचा हिशोब दरवर्षी कुणीतरी मांडतं आणि घाबरून कागद मिटतं. दलाच्या दर्जावर तुमच्या घराच्या विम्याचा हप्ताही हलतो. पाणीपुरवठा, माणसं, प्रशिक्षण बघून आयएसओ नावाची विमा क्षेत्रातली संस्था १ ते १० असा वर्ग देते.

पाण्यावरून आठवलं. आमच्या अर्ध्या गावात हायड्रंटच नाहीत. टँकर येतात, रस्त्यावर ताडपत्रीचा मोठा हौद उघडतात, त्यात धडाधड पाणी सोडून पुढच्या खेपेला तळ्यावर पळतात. पंपर त्या हौदातून ओढतो. टँकरची फेरी तुटली की नोझल कोरडं. ही कवायत मला आत शिरण्यापेक्षा अवघड वाटते.

सांतियागोचा_मित्र

थोडक्यात भर. चिलीमध्ये कामानिमित्त होतो. तिथे राजधानीसह संपूर्ण देशाचे बोंबेरो, म्हणजे फायरफायटर, स्वयंसेवक! पहिलं दल १८५१ मध्ये वालपाराइसो बंदरात. सांतियागोत ८ डिसेंबर १८६३ ला एका चर्चमध्ये आगीत दोन हजारांवर लोक, बहुतेक बायका, मेल्या, आणि त्याच महिन्यात दल उभं राहिलं. फ्रेंच, जर्मन, इटालियन स्थलांतरितांनी आपापल्या कंपन्या काढल्या, त्या अजून आहेत. आणि हे लोक पगार तर घेत नाहीतच, उलट महिन्याला वर्गणी भरतात. माझा बँकेतला सहकारी अभिमानाने पावती दाखवायचा.

सोलापूरची_चटणी

फ्रँकलिनची भिशी अजून चालू आहे तर.

कॅलिफोर्नियाची_काकडी

टेकडीवरचा, घरात आम्ही काय करावं ते एक-दोन ओळींत सांगा. धागा माहितीचा आहेच, पण उपयोगाचंही असू दे.

टेकडीवरचा

रात्री झोपताना बेडरूमची दारं बंद ठेवा. एवढं एक जरी केलंत तरी खूप. यूएल या संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून बघितल्या. जुन्या लाकडी, कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला एकोणतीस मिनिटं लागली, आणि फोम-पॉलिएस्टरच्या आजच्या सामानाची चारही नाही. आम्ही कितीही धावलो तरी चार मिनिटांत येत नाही. बंद दार धूर आणि उष्णता अडवतं, तुम्हाला खिडकी गाठायला वेळ मिळतो.

कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवा आणि उचलून बघू नका. पाणी तर नाहीच. ड्रायरची जाळी दर वेळी साफ करा. आणि घराचा नंबर रात्री रस्त्यावरून दिसेल असा लावा. नक्षीदार देवनागरी आकडे फार सुंदर दिसतात, पण आमच्या प्लंबरला ते वाचता येत नाहीत.

एच१बी_हरी

एडिसनच्या पुढे, एका छोट्या गावात नुकतंच घर घेतलंय. मला यायचंय, पण व्हिसावर चालतं का? आणि वय ४३, गुडघा थोडा कुरकुरतो.

टेकडीवरचा

ग्रीन कार्डवाले आमच्याकडे आहेत. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, कारण काही दलांत वर्षांच्या सेवेवर निवृत्तीसारखी रक्कम जमा होते आणि ती 'मोबदला' धरली जाऊ शकते. ती नाकारता येते का, हेही विचारून ठेवा.

गुडघ्याचं काळजीचं कारण नाही. वैद्यकीय तपासणी होते, आणि आत न शिरताही काम भरपूर आहे: टँकर चालवणं, पंप, वाहतूक थांबवणं, हिशेब, ग्रँटचे अर्ज. ग्रँटचे अर्ज लिहिणारा माणूस मिळाला तर चीफ तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचेल. घरून काम करता का? मग मंगळवारी सकाळी अकराचे तुम्हीच.

तुमच्या गावच्या स्टेशनवर ड्रिलची संध्याकाळ कुठली ते बाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी सरळ जा, बाजूच्या दाराने. गाडी मात्र मोठ्या शटरसमोर लावू नका.